रामाकोन्याची पाहुणी

प्रभा मॅडम कोणालाही "कसे आहात" असं विचारत नसत. त्या विचारत, "पोट काय म्हणून राहिलं?" आणि विचारून थांबत. हे थांबणं फार वाईट. "कसे आहात" विचारणारे जगात पुष्कळ असतात, पण उत्तराची वाट पाहणारा माणूस भेटला की पंचाईत होते. भर बाजारात, मिरच्यांच्या ढिगाशेजारी, हातात थैली धरून मॅडम तुमच्या तोंडाकडे बघत उभ्या राहत. "बरं आहे" हे उत्तर त्यांना चालत नसे. "बरं म्हणजे कसं? रोज होते? मोकळी होते? खाज?" शेवटचा शब्द त्या जरा मोठ्यानं उच्चारत, कारण तोवर तुम्ही चार पावलं पुढे सटकलेले असायचे.

पांढुर्ण्यातले भलेभले लोक मॅडम दिसल्या की गल्ली बदलत. आमच्या शेजारच्या एका पोराची वरात निघाली होती. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, मागे बायका. मॅडमनी घोडा थांबवला, नवरदेवाला खाली वाकायला लावलं आणि त्याची खालची पापणी ओढून पाहिली. "फिकी आहे," त्या म्हणाल्या. "लग्न आटपलं की रक्त तपासून घे." बँडवाले गाण्याच्या मधेच थांबले होते. नवरीकडच्यांना वाटलं, आमच्या इकडची ही काहीतरी रीत असावी. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं पुढे होऊन आपलीही पापणी दाखवली.

मॅडम दवाखान्यातल्या डॉक्टर नव्हत्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, आणि माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जंतांचा अभ्यास करण्यात त्यांनी सगळी हयात घालवली होती. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही, कारण त्या आधी पोटाचं विचारत.

आता त्या इथे नसतात. नागपूरला भाचीकडे राहायला गेल्या. पांढुर्णा जिल्हा झाला, रस्त्यावर पाट्या लागल्या, पांढऱ्या गाड्या फिरायला लागल्या. माझ्या दुकानावरच्या ज्या दोन खोल्यांत मॅडम राहायच्या, तिथे आता एका ऑफिसातला बाबू राहतो. फार सज्जन माणूस. जिन्यात भेटला की "नमस्ते भैया" म्हणतो आणि खाली उतरून जातो. माझ्या पोटाची विचारपूस करणारं आता त्या जिन्यात कोणी नाही, आणि खरं सांगतो, कधीकधी पोटालाही चुकल्यासारखं वाटतं.

माझं भांड्यांचं दुकान आहे. त्या आमच्याकडे आल्या तो दिवस मला स्पष्ट आठवतो. मे महिन्याची दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, मी गल्ल्यावर पेंगत बसलेलो. समोरून एक हातठेला आला. ठेल्यावर संत्र्यांचे लाकडी खोके, खोक्यांत काचेच्या बरण्या. ठेल्याच्या बाजूनं एक बाई चालत होती. तिच्या हातात उघडी छत्री होती, आणि ती छत्री तिनं स्वतःच्या डोक्यावर धरली नव्हती, बरण्यांवर धरली होती. स्वतःचं डोकं उन्हात लालबुंद.

"वरच्या खोल्या रिकाम्या आहेत न, भाऊ?" त्यांनी विचारलं.

मी बरणीत डोकावून पाहिलं. पांढरं, लांब, गुंडाळी करून ठेवलेलं काहीतरी पाण्यात पडलेलं होतं. मला शेवया वाटल्या. "हे काय आहे, मॅडम?"

"भाडेकरू," त्या म्हणाल्या. "माणसाच्या पोटातले. घरमालकानं हाकलून दिलं. म्हणे, बाईची हरकत नाही, हे लोक नको. ऐन उन्हाळ्यात असं हाकलते काय कोणी? थांबा म्हटलं, पाऊस पडला की जाते. नाही ऐकलं."

मी खोल्या दिल्या. लोकांनी नंतर मला दयाळू वगैरे ठरवलं. तसं काही नव्हतं. जंतांवर छत्री धरणारी बाई रोज फुकट बघायला मिळणार असेल तर कोण सोडेल? नाटकाचा मला लहानपणापासून नाद आहे.

माझ्या बायकोचं, मंदाचं मत वेगळं पडलं. वर जाऊन ती बघून आली आणि पदर नाकाला लावून म्हणाली, "लोकाइच्या घरी फडताळात देव असते. हिच्या घरी जंत हाय. अन् प्रत्येकाच्या बरणीवर गावाचं नाव. आपल्या गावचाबी हाय एक, चांगला हातभर."

तरी मंदा रीतीची पक्की. पहिल्या दिवाळीला तिनं फराळाचा डबा वर पाठवला. चकल्या, अनारसे, बेसनाचे लाडू. थोड्या वेळानं मॅडम स्वतः डबा घेऊन खाली आल्या. डबा जसा गेला तसाच भरलेला.

"मंदावहिनी, लाडू वळताना हात कशानं धुतले होते?"

"पाण्यानं धुतले," मंदा म्हणाली.

"साबण?"

मंदानं त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी एका पितळी घागरीकडे बघत राहिलो.

"नखांच्या खाली राहते न," मॅडम समजावून सांगायला लागल्या, अगदी प्रेमानं. "तुमचा दोष नाही. सगळ्यांच्याच राहते. म्हणून मी दुसऱ्याच्या हातचं खात नाही. पाणीसुद्धा माझं मी उकळून नेते. राग नका मानू." आणि डबा ठेवून वर गेल्या.

मंदानं राग मानला. त्यानंतर आमच्या घरून वर डबा गेला नाही. आमच्याच काय, गल्लीत कोणाच्याच घरून गेला नाही. एकेकानं एकदा पाठवून पाहिला आणि प्रत्येकाला साबणाचं विचारलं गेलं. आमच्याकडे डब्यांची ये-जा सारखी चालू असते. आपल्याकडचं भरीत तिकडे जातं, तिकडचे सांडगे इकडे येतात, आणि आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, निदान साखरेची चिमूट तरी घालायची, हा नियम आहे. त्या सगळ्या रहदारीत मॅडमचं दार तेवढं कोरडं राहिलं. सणाच्या दिवशी वरच्या खोलीतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. त्या भाज्यासुद्धा इतक्या शिजवत की मंदा म्हणायची, "गिलकं मेलं, त्याले पुन्हा फाशी काहून देऊन राहिली ही?"

पण बोलायला त्या फार गोड. संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि माणसाच्या पोटाचं वर्णन असं करायच्या की ऐकणाऱ्याला पोटात जाऊन राहावंसं वाटावं.

"पोट म्हणजे मोहल्ला आहे, भाऊ," त्या म्हणायच्या. "आपल्याला वाटते पोट आपलं. आपलं काही नाही. तिथं जिवाणू राहतात, मोजता येणार नाहीत इतके. ते खरे मोहल्लेवाले. कोणी पचवायला मदत करते, कोणी भांडते, कोणी नुसतं बसून राहते. जंत हा भाडेकरू. बाहेरून येते. आता मोहल्ल्यानं ठरवायचं, याला राहू द्यायचं की नाही. काही मोहल्ले असे की नवीन आलेल्याला टिकू देत नाहीत. काही ठिकाणी तर जंताचं अंडं जिवाणूंचा हात लागल्याशिवाय फुटतच नाही. उंदरांत पाहिलेलं आहे हे लोकांनी. म्हणजे पाहा, बाहेरच्याला दार उघडून देणारं आतलंच कोणीतरी असते."

आणि मग त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा. तो त्या कोणालाही विचारत. मला, पोस्टमनला, कापूस घेऊन आलेल्या गाडीवानाला. "एक घर. दोन पोरं. एकाच ताटात जेवतात, एकाच मातीत खेळतात. एकाला जंत होतात, दुसऱ्याला नाही. काहून?"

गाडीवान म्हणाला, "नशीब, मॅडम."

"नशीब कोणत्या बरणीत ठेवू?" मॅडम म्हणाल्या.

हा प्रश्न त्यांनी नोकरीभर डोक्यात वागवला होता. कॉलेजात जंत बघायला सूक्ष्मदर्शक होता, पण जिवाणू ओळखायची यंत्रं नव्हती. त्या निवृत्त झाल्या, तरी प्रश्न निवृत्त झाला नाही. आणि एका डिसेंबरात त्या जिना उतरून अशा धावत आल्या की मला वाटलं वर आग लागली. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत त्यांची जुनी विद्यार्थिनी मोठ्या जागेवर होती. ती म्हणाली होती, मॅडम, जानेवारीअखेरपर्यंत नमुने आणून द्या, माझ्या यंत्रावर घालून देते. फेब्रुवारीत यंत्र दुसऱ्या कामाला लागेल, मग माझ्या हातात नाही.

"एवढं एकदा झालं की मी मोकळी," मॅडम म्हणाल्या. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं.

नमुने कुठले, तर सौंसरच्या पुढच्या रामाकोना गावातल्या एका वस्तीतले. संत्र्याच्या बगिच्यांत तोडणीला जाणाऱ्या बायकांची ती वस्ती. मॅडमचं तिथं फार वर्षांपासून जाणं-येणं. पोरांना नखं कापायला शिकवायचं, नर्सबाईकडून गोळ्या देववायच्या. जवळजवळ प्रत्येक घरात दोन-तीन पोरं, आणि त्यांच्या त्या प्रश्नातली जोडी तिथं घरोघर. तोडणीच्या बायकांची मुकादम कौसाबाई. रुंद, सावळी, बोलण्यात चरचरीत. तिनं हो म्हटलं की वस्ती हो म्हणते.

आता नमुना म्हणजे कशाचा, ते मी लिहीत नाही. तुमचं जेवण व्हायचं असेल.

नागपूरहून मागवलेल्या डब्या वेळेवर आल्या नाहीत. मॅडम दुकानात आल्या, आणि त्यांची नजर संक्रांतीच्या वाणासाठी आणून ठेवलेल्या मालावर गेली. छोट्या गोल डब्या, लाल झाकण, झाकणावर कमळ. हळदीकुंकवाला बायका लुटतात त्या.

"झाकण घट्ट बसते न?"

"मॅडम, ते वाणाचं हाय," मंदा आतून ओरडली. तिला कळलं होतं.

"पाणी गळत नाही न? मग झालं." आणि त्यांनी सगळा गठ्ठा उचलला, वर नेऊन उकळला, गच्चीवर मच्छरदाणीखाली वाळवला आणि प्रत्येक डबीवर घराचं आणि पोराचं नाव चिकटवलं. त्या वर्षी आमच्या गल्लीत कमळाची डबी कोणी वाण म्हणून घेतली नाही.

डब्या मॅडमनी कौसाबाईला नेऊन दिल्या, शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं, मोठ्या आवाजात. ठरलेल्या सकाळी मला सौंसरच्या बाजाराला माल घेऊन जायचंच होतं, तेव्हा त्या माझ्या गाडीत बसल्या. मांडीवर बर्फ भरलेला थर्माकोलचा खोका, खांद्याला उकळलेल्या पाण्याची बाटली. वाटेत बोरगावला मी चहाला थांबलो, तेव्हा त्या गाडीतच बसून राहिल्या आणि चहावाल्याच्या बोटांकडे बघत राहिल्या. माझा चहा निम्मा उरला.

रामाकोन्याला विहाराच्या ओट्यावर कौसाबाई आणि वस्तीतल्या बायका जमल्या होत्या. मधे सतरंजी, सतरंजीवर डब्या, लाल झाकणं ओळीनं. मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी तोंडाला पट्टी बांधली, हातमोजे चढवले, खोक्याचं झाकण उघडलं, पहिली डबी उचलली, उन्हाकडे धरली आणि झाकण किंचित उघडून पाहिलं.

आत तिळाचा लाडू होता.

त्यांनी दुसरी उघडली. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवी चटणी. तिसरीत मीठ लावलेला मुळा, चौथीत बोरं. एका डबीत वांग्याचं भरीत, एकीत ओला हरभरा सोललेला, एकीत तुरीच्या उकडलेल्या शेंगा. प्रत्येक डबी घासून चकचकीत केलेली, आणि चिकटवलेलं नाव मात्र जागच्या जागी, भिजू न देता राखलेलं.

मॅडमनी डबी परत ओळीत ठेवली. "कौसाबाई, मी काय सांगितलं होतं तुला?"

"सगळं समजलं होतं, मॅडम."

"मग हे काय आणलं? जानेवारी संपून राहिला. ते यंत्र..."

"आणतो न तेबी," कौसाबाई म्हणाली. "आमाले काय कमी हाय त्याची? रोजचं हाय." मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "पण एक सांगा. किती साल झाले तुमी येऊन राहिल्या. कोणाच्या घरी पाणी पेल्या कधी?"

"अगं, मी कोणाच्याच घरी पीत नाही. पाण्यात जंतू..."

"ठाऊक हाय. पोरं पाठ म्हणून दाखवते तुमचं." कौसाबाईचा आवाज वाढला नव्हता. "आमच्या घरचं पाणी न पेण्याची कारणं आमच्या आज्यानं अन् पणज्यानं बहू ऐकली, मॅडम. जंतूचं कारण नवीन हाय, बस. ज्या घरचं पाणी नाही चालत, त्या घरचं ते कसं चालते? आधी खा. मंग न्या."

कोणी हसलं नाही. मॅडमनी खांद्यावरच्या बाटलीकडे पाहिलं. वर्षानुवर्षं ती बाटली लटकवून त्या या वस्तीत फिरल्या होत्या, आणि ती दुसऱ्या कोणाला कशी दिसत असेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. हे मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं, कारण तो चेहरा काही लपवायला शिकलेलाच नव्हता. दुसरी एखादी बाई रडली असती, नाहीतर भाषण केलं असतं. मॅडमनी तोंडाची पट्टी सोडली. एक हातमोजा काढला. मग दुसरा. दोन्ही घडी करून ठेवले.

"हात कुठं धुवू?" त्यांनी विचारलं.

आता बायका खळाळून हसल्या. एका पोरीनं साबण आणून दिला. मॅडमनीच दिलेला होता तो, पोरांसाठी.

मग जे झालं ते मी पुष्कळ ठिकाणी करून दाखवलं आहे, लग्नात, बारशात, पण मुळातली मजा येत नाही. मॅडम मांडी घालून बसल्या. त्यांनी आपलं सगळं शास्त्र जवळ ठेवलं आणि एकेका घासाची ओळख करून देत जेवल्या.

"हा मुळा," त्या म्हणाल्या. "यावर गोल जंताची अंडी बसतात. चिकट असतात. साध्या धुण्यानं जात नाहीत."

"धुतला हाय न, मॅडम."

"कोणत्या पाण्यानं?"

"नाल्याच्या."

मॅडमनी डोळे मिटले आणि मुळा खाल्ला. बराच वेळ चावला. सगळी वस्ती त्यांच्या जबड्याकडे बघत होती.

"कसा हाय?"

"मीठ कमी आहे," मॅडम म्हणाल्या.

"ही सांबाराची चटणी. कच्ची. आता हिच्यात काय काय असू शकते, तर..." आणि त्यांनी तीन नावं घेतली, लांबलचक, शास्त्रातली, आणि चटणी भाकरीला लावून खाल्ली. बोरांपाशी त्या किंचित अडखळल्या. कारण ती झाडाखालून वेचलेली होती, मातीतून, आणि मातीचं त्यांना सगळं ठाऊक होतं. तीही खाल्ली. मला वाटलं होतं मी प्रेक्षक आहे, पण कौसाबाई माझ्याकडे वळली. "भांडेवाले भाऊ, तुमीबी घ्या. का तुमच्याबी पोटात शाळा हाय?" मी पटकन तुरीच्या शेंगांची डबी पुढे ओढली, कारण त्या उकडलेल्या होत्या. ओट्यावर बसून मॅडमचं इतकी वर्षं ऐकल्याचा एवढाच फायदा मला आयुष्यात झाला.

शेवटी पाणी आलं. स्टीलच्या पेल्यात. मॅडमनी तो घेतला, ओठांना लावला आणि सावकाश सगळा प्यायल्या. वरून ओतून नाही, तोंड लावून. पेला खाली ठेवला. कौसाबाईनं तो उचलला आणि आपल्या पदरानं पुसला, आणि मग त्याच पेल्यात आपल्यासाठी पाणी ओतून घेतलं.

"जा आता," ती म्हणाली. "उद्या या. अन् ह्या डब्ब्या ठेवून जा. भरून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी डब्या भरलेल्या मिळाल्या, एकही चुकली नाही. खोका घेऊन मॅडम पांढुर्ण्याहून नागपूरच्या गाडीत बसल्या. समोरच्या बाईनं विचारलं, "काय हो, बर्फात काय, मासोळी काय?" मॅडमनी जे होतं ते सांगितलं, प्रश्नासकट सांगितलं, आणि नागपूरपर्यंत पूर्ण बाकावर पाय पसरून गेल्या.

निकाल काय लागला, हे मला सगळे विचारतात. फार काही नाही. एकाच घरातल्या दोन पोरांचे मोहल्ले वेगळे निघाले, आणि ज्याला जंत त्याच्याकडचे काही रहिवासी वेगळे. पण जंतामुळे मोहल्ला बदलला, का मोहल्ल्यामुळे जंत टिकला, हे एवढ्याशा डब्यांवरून सांगता येत नाही, असं विद्यार्थिनीनं कळवलं. मला वाटलं मॅडम खचतील. त्या म्हणाल्या, "प्रश्न बरोबर होता, भाऊ. एवढं कळलं तरी पुरे." नर्सबाईला घेऊन जाऊन पोरांना गोळ्या देववल्या, आणि मग त्यांना वेगळीच काळजी लागली. आपण ज्या डब्यांतून खाल्लं, त्या घरांना काही परत द्यायला नको? त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बेसनाचे लाडू केले, मंदाच्या स्वयंपाकघरात, मंदाच्या हाताखाली. मंदा ओट्याजवळ उभी राहून विचारत होती, "हात धुतले? नखाखालून? साबण?" लाडू दगडासारखे झाले. नव्या डब्या भरून गेल्या. कौसाबाईनं निरोप पाठवला, पाटा-वरवंट्याची सोय झाली, चटणी कशाची पाठवू?

मग एप्रिल आला. उन्हं तापली. एका दुपारी मॅडमनी जिन्यातून हाक मारली, "भाऊ, वर या जरा. मंदावहिनींनाही आणा."

मंदा झोपली होती. मी गेलो. खोलीत पडदे ओढलेले, टेबलावर सूक्ष्मदर्शक. तुम्हाला सांगायचं राहिलं, मॅडम नेमानं स्वतःचाही नमुना तपासत. पोरांना शिकवताना "काहीच नसलेली" काच दाखवावी लागते, ती नेहमी त्यांचीच असायची. निर्मळ. सगळी नोकरी त्या काचेवर निघाली होती, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

"बघा," त्या म्हणाल्या.

मी डोळा लावला. आधी नुसता उजेड. मग मधोमध एक लांबट, सोनेरी-तपकिरी दाणा दिसला. कडेला वेडीवाकडी नक्षी, झिरमिळ्या लावल्यासारखी.

"हे काय?"

"गोल जंताचं अंडं. माझं आहे." त्यांचा आवाज हळू होता. "म्हणजे माझ्या पोटातलं. वेळ अगदी जुळते. जानेवारीत खाल्लं की एप्रिलपर्यंत दिसायला लागते. रामाकोन्याचं आहे हे. मुळ्यातून आलं असेल. का बोरांतून." त्यांनी मला बाजूला सारून पुन्हा स्वतः डोळा लावला. नातवंडाचा फोटो दुसऱ्याला दाखवायला द्यावा आणि लगेच परत मागावा, तसं.

"एवढं लांबट काहून आहे?" मी विचारलं. बरण्यांवर गावाच्या नावाशेजारी चिकटवलेली चित्रं पाहून गोल अंडं मला पाठ झालं होतं.

"बरोबर ओळखलं." त्या काचेवरून डोळा न काढता म्हणाल्या. "हे फळलेलं नाही. आत काही नाही. म्हणजे एकटीच आली आहे ती. नर नाही सोबत. तरी रोज अंडी घालून राहिली, रिकामी." मग म्हणाल्या, "कोणाला त्रास नाही हिचा. ही अंडी कोणाला लागत नाहीत."

टेबलाच्या कडेला गोळीची पट्टी पडलेली होती. शेजारी पाण्याचा पेला, वर झाकण. पट्टी फोडलेली नव्हती. पेल्यावरच्या झाकणावर बारीक धूळ धरली होती, म्हणजे तो आजचा नव्हता.

"गोळी घ्या मग," मी म्हणालो. "एका गोळीचं तर काम आहे."

"घेते न," मॅडम म्हणाल्या. त्यांनी काच हळूच काढली, पुसली नाही, तशीच डबीत ठेवली. खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"पाऊस पडू द्या, भाऊ. ऐन उन्हाळ्यात कुठं हाकलता तिला."